बारा डॉलरांची बाग

घरपट्टीचे बिल हातात पडल्यावर कुणाचा चेहरा प्रसन्न झालेला मी अद्याप पाहिलेला नाही. आमच्या वडिलांना तर त्या दिवशी चहाही कडू लागत असे. बिल आले की ते चष्मा पुसत, खालचा आकडा पाहत, कागदाची घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत आणि "भरायचे आहे" एवढेच म्हणत. त्या कागदावर शेवटच्या आकड्याखेरीज आणखी काय छापलेले असते ते त्यांनी कधी वाचले नाही. आणि वर्गात रोज "उतारा बारकाईने वाचा" असे मुलांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या त्यांच्या प्राध्यापक कन्येनेही ते २०१८ सालापर्यंत वाचले नव्हते.

त्या वर्षी रजा जोडून घेऊन, आईला बरोबर घेऊन, मी दिवाळीसाठी महिनाभर थोरल्या बहिणीकडे गेले होते. ताई आणि भावजी कॅलिफोर्नियात बर्कले गावी राहतात. गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व काठावर. पाठीशी डोंगरांची रांग आणि पुढे पाणी. ते पाहून आईला रत्नागिरीची आठवण झाली. अर्थात आईला कशानेही रत्नागिरीची आठवण होते.

वसुबारस ४ नोव्हेंबरला, रविवारी होती. आईने सकाळीच सांगून टाकले की गाय पाहिल्याशिवाय आपण जेवणार नाही. ताई कपाळाला हात लावून बसली. बर्कलेसारख्या गावात गाय कुठून आणायची? पण आमचे भाचेराव, वय वर्षे अठरा, जन्म तिकडचाच, शांतपणे म्हणाले, "आजी, गाडीत बस. गाय आहे."

डोंगर चढून पाच-दहा मिनिटांत आम्ही टिल्डन नावाच्या बागेत पोहोचलो. बाग म्हणायचे ते केवळ दुसरा सुटसुटीत शब्द नाही म्हणून. दोन हजार एकरांच्या आसपासचे ते रानच आहे. त्यात तळे आहे, वनस्पतींची निराळी वाटिका आहे, लाकडी घोड्यांचे जुने चक्र आहे, वाफेवर चालणारी पिटुकली आगगाडी आहे आणि मुलांसाठी एक छोटेसे शेतघर आहे. त्या शेतघरात गाई, शेळ्या, कोंबड्या. कुंपणावर पाटी : जनावरांना फक्त लेट्यूसची पाने आणि सेलरीचे दांडे घालावेत. भाच्याने दोन्हींच्या जुड्या आणल्याच होत्या. वासरू दिसले नाही, म्हणून आई क्षणभर खट्टू झाली. पण गाय तरी आहे, असे म्हणून तिने पदर सावरला, हळदकुंकू मनातल्या मनात वाहिले आणि त्या धिप्पाड परदेशी गाईच्या तोंडात लेट्यूस दिले. आजूबाजूची गोरी, काळी, चिनी मुले अगदी तेच करीत होती. फक्त त्यांची वसुबारस नव्हती.

परत निघताना आईने विचारले, "तिकीट कुठे काढायचे रे? येताना राहिलेच."

"तिकीट नाही, आजी. ते आमच्या घरपट्टीत आहे."

घरपट्टीत तिकीट! मला मोठी गंमत वाटली. घरी आल्यावर मी भावजींकडे त्यांचे बिल मागितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पाहुणी दिवाळीच्या फराळाऐवजी आपला हिशेब तपासायला आली आहे की काय! पण बिल टेबलावरच होते. तिकडे त्याचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत भरायचा असतो.

मुख्य आकारणी घराच्या नोंदलेल्या किमतीवर शेकडा एक. त्याखाली मात्र ओळींमागून ओळी. शाळांसाठी इतके, वाचनालयासाठी इतके, गावातल्या बागांसाठी इतके, रुग्णवाहिकेसाठी इतके. डासांच्या बंदोबस्तासाठीही एक ओळ होती, आणि तिच्यापुढे ती कोणत्या साली लोकांनी मंजूर केली तेही छापलेले. डासांबद्दल लोकांचे मत घेणारा देश मी प्रथमच पाहत होते. त्याच गर्दीत प्रादेशिक उद्यान मंडळाची एक ओळ होती : १२ डॉलर. महिन्याला एक डॉलर. सदनिकांच्या इमारतीत दर सदनिकेला महिन्याचे ६९ सेंट.

(घरी परतल्यावर मी आमचे बिलही प्रथमच वाचले. त्यातही ओळी आहेत, आणि त्यांत 'वृक्ष कर' अशी एक ओळ आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या कायद्याने हा कर बसवता येतो. इतकी वर्षे मी तो भरते आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता! तो माझ्या वतीने नगरसेवकांनी ठरवला, आणि नगरसेवक मीच निवडून दिलेले. म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण मला कुणी विचारले असते तर मी ती ओळ नक्की वाचली असती, एवढेच.)

भावजी म्हणाले, "त्या बारा डॉलरांची मुदत आता संपत आली आहे. पुढे वीस वर्षे चालू ठेवायचे का, यावर परवा मंगळवारी मतदान आहे. आणि या घरातून मत देणार हे." त्यांनी चिरंजीवांकडे बोट दाखवले. चिरंजीव लाडू खात होते.

येथे घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताई-भावजींना तिकडे जाऊन वीस वर्षांवर झाली, घर त्यांच्या नावावर आहे, कर ते भरतात. पण दोघांनीही भारताचे पारपत्र सोडलेले नाही, त्यामुळे त्यांना मत नाही. भाचा जन्माने तिकडचा नागरिक. त्याच्या नावावर एक सायकल आहे. कर भरणाऱ्यांना मत नाही आणि मत असणाऱ्याला कर नाही! "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असे म्हणून या लोकांनी इंग्रजांशी लढाई केली," भावजी म्हणाले, "आणि मी इथे दोन हप्त्यांत भरतोय."

मतदारांना तेथे आधी एक पुस्तिका घरपोच येते. ती मी रात्री चाळली. त्या निवडणुकीत एकट्या राज्याचेच ११ प्रस्ताव होते : कुठे इंधनावरचा वाढीव कर रद्द करायचा का, कुठे घरभाड्यावर नियंत्रण ठेवायला गावांना मोकळीक द्यायची का. त्यानंतर कौंटीचे, गावाचे आणि शेवटी या उद्यान मंडळाचा 'एफएफ' नावाचा ठराव. अशा पुस्तिकेत ठरावाचा संपूर्ण मसुदा असतो, सरकारी वकिलाचे त्यावरचे विवेचन असते, आणि ठरावाच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे लोक पुढे आले तर त्यांचे म्हणणेही शेजारी शेजारी छापतात. पण मतपत्रिकेवर जो प्रश्न येतो तो ७५ शब्दांच्या आत बसला पाहिजे, असा कायदा आहे. सारांशलेखनाचे पेपर तपासण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, तेव्हा माझे लक्ष तेथेच खिळले. कर किती, किती वर्षे, वर्षाला किती रक्कम जमणार, ती कशावर खर्च होणार आणि दरात वाढ आहे की नाही, हे सारे पाऊणशे शब्दांत! वर्षाला सुमारे ३३ लाख डॉलर जमणार होते. वणव्यांपासून बचाव, रानाची निगा, पायवाटा आणि खाडीकाठ यांवर ते खर्च होणार होते. दर तोच, १२ डॉलर. माझ्या वर्गातल्या किती मुलांना हे साधले असते ते सांगवत नाही.

आणखी एक अट. असा ठराव साध्या बहुमताने मंजूर होत नाही, दोन-तृतीयांश मते लागतात. ही अट १९७८ सालची. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यांच्यामागून घरपट्टी धावत होती, आणि निवृत्त माणसांना राहते घर विकावे लागेल अशी पाळी आली होती. लोक चिडले. त्यांनी घरपट्टी किमतीच्या शेकडा एकवर बांधून टाकली, नोंदलेली किंमत घर विकले जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही असे ठरवले, आणि स्थानिक संस्थेला विशेष कामासाठी कर बसवायचा तर दोन-तृतीयांश मते मिळवा, अशी मेख मारून ठेवली. त्या प्रस्तावाला स्वतःला मिळालेली मते शेकडा ६५ च्या किंचित आत होती. म्हणजे दोन-तृतीयांशाची अट घालणारा कायदा त्याच अटीवर तपासला असता तर नापास झाला असता!

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. घरात करंज्यांची धांदल. माझ्या करंज्या फुटतात अशी ख्याती असल्यामुळे मला मोकळीक मिळाली. मी गावच्या वाचनालयात जाऊन बसले. हे बारा डॉलर आले कोठून ते मला पाहायचे होते. आणि तेथे जी कथा हाती लागली ती मला त्या बागेपेक्षाही मोठी वाटली.

त्या डोंगरांतली जमीन मूळची पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेची. जुन्या खाजगी कंपन्यांनी पाणलोटासाठी ती राखून ठेवलेली होती. पुढे या गावांनी आपला सार्वजनिक पाणी विभाग काढला, दूर सिएरा पर्वतातल्या मोकेलम्नी नदीचे पाणी १९२९ मध्ये नळाने आणले आणि डोंगरातली सुमारे दहा हजार एकर जमीन पाण्याच्या दृष्टीने फाजील ठरली. फाजील जमीन म्हटली की काय होते हे आपल्याला कुणी सांगायला नको. प्लॉट पडणार, बंगले उठणार! बर्कलेच्या विद्यापीठाशी संबंध असलेले रॉबर्ट सिब्ली नावाचे एक अभियंते होते; त्यांना रविवारी डोंगर भटकायचा नाद. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही भटक्यांनी उचल घेतली की ही सगळी जमीन सलग राखा. फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड यांनी न्यू यॉर्कचे सेंट्रल पार्क आखले; त्यांच्या मुलांची संस्था आणि राष्ट्रीय उद्यानांत काम केलेले अॅन्सेल हॉल यांच्याकडून १९३० मध्ये एक अहवाल तयार झाला. पाणी विभागाला बागा सांभाळण्यात रस नव्हता. म्हणून मग १९३३ मध्ये राज्याच्या विधिमंडळातून नवा कायदाच करून घेतला : अनेक गावांनी मिळून एक उद्यान मंडळ काढावे, मात्र लोकांनी मत देऊन ते मान्य केले पाहिजे.

आता काळ कोणता तो पाहा. १९३४ साल. महामंदीचा कडेलोट. अमेरिकेत दर पाच कामगारांमागे एक बेकार. त्याच वर्षी जुलैत सॅन फ्रान्सिस्कोत गोदी कामगारांच्या संपातून सार्वत्रिक संप झाला होता. घरोघर भाकरीची चिंता. आणि अशा वेळी ओकलंड, बर्कले, अलामेडा, पीडमाँट, ऑल्बनी, एमरीव्हिल आणि सॅन लिआन्ड्रो या सात गावांतल्या माणसांना विचारले गेले : डोंगरात बाग करायची आहे, दर शंभर डॉलर आकारणीवर पाच सेंट जादा घरपट्टी द्याल का? तीन हजारांच्या घराला वर्षाला दीड डॉलर. मंदीत दीड डॉलर म्हणजे चेष्टा नव्हे.

शेकडा ७१ लोकांनी 'हो' म्हटले.

मी ते पान दोनदा वाचले. तारीख पाहिली : मंगळवार, ६ नोव्हेंबर १९३४. आमच्या घरचे मतदान दुसऱ्या दिवशी होते : मंगळवार, ६ नोव्हेंबर. चौऱ्याऐंशी वर्षांनी वार आणि तारीख दोन्ही जुळून आली होती. ते ७१ टक्के १९७८ च्या कडक अटीतूनही सहीसलामत पार पडले असते, हाही हिशेब मी मनाशी करून पाहिला.

मंडळाचे पहिले संचालक लोकांनीच निवडले. त्यांत टिल्डन नावाचे अध्यक्ष, ज्यांच्या नावाची बाग. एक कामगार पुढारी. बर्कलेचे निवृत्त पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर. आणि मला विशेष आनंद झाला तो ऑरेलिया राइनहार्ट यांचे नाव पाहून. त्या ओकलंडच्या मिल्स या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या अध्यक्षा होत्या. कॉलेज सांभाळून बाई डोंगरांच्या वाटाघाटींना बसत होत्या! १९३६ मध्ये पाणी विभागाकडून दोन हजारांहून अधिक एकर जमीन विकत घेऊन पहिल्या तीन बागा झाल्या. रूझवेल्ट यांच्या बेकार तरुणांच्या पथकांनी वाटा खोदल्या, दगडी बांधकामे केली. २०१८ पर्यंत या मंडळाकडे सत्तरावर बागा झाल्या होत्या.

सगळेच मात्र 'हो' म्हणाले असे नाही. डोंगरापलीकडची कॉन्ट्रा कोस्टा कौंटी प्रथम या योजनेत होती. तेथल्या शेतकरी मंडळींना शहरवाल्यांच्या सहलींसाठी कर भरणे रुचेना, म्हणून मतदानाआधीच ती कौंटी वगळली गेली. मौज अशी की टिल्डन बागेचा बराच भाग त्याच कौंटीच्या हद्दीत येतो. त्यांनी मंडळात यायला १९६४ साल उजाडले. त्या शेतकऱ्यांना मी हसले नाही. शहराला हवी असलेली हिरवळ खेड्याच्या खर्चाने करायची रीत आपल्याही ओळखीची आहे.

धनत्रयोदशीच्या रात्री करंज्या झाकून ठेवल्यावर घरात जो वाद झाला तो मी विसरणार नाही. भाचा मतपत्रिका पुढे घेऊन बसला होता. बाकीच्या चौकोनांवर त्याने भराभर खुणा केल्या होत्या; एफएफपाशी पेन थांबले होते.

भावजींचा आक्षेप बारा डॉलरांना नव्हता. "डोंगरमाथ्यावर ज्याचा तीस लाखांचा बंगला आहे त्याला बारा, आणि खाली रुळांजवळ ज्याचे दोन खोल्यांचे लाकडी घर आहे त्यालाही बारा. हा कुठला न्याय? आपल्या गावच्या बागांचा कर बांधकामाच्या क्षेत्रफळावर तरी आहे. चौतीस साली किमतीवर होता. आता सरसकट!"

त्यांचे म्हणणे खरे होते. मी वाचून आले होते म्हणून मला ठाऊक होते : १९७८ च्या कायद्याने किमतीवरचा कर बांधून टाकला, म्हणून मंडळ्यांनी दर घरामागे ठरावीक रकमेची ही पळवाट काढली. लोकांनीच मारलेल्या मेखेला लोकांनीच घातलेला हा वळसा. शेजारच्या वृद्ध बाईंनी आपले घर सत्तरीच्या दशकात घेतले होते. त्यांची मुख्य घरपट्टी भावजींच्या घरपट्टीचा लहानसा अंश होती. बाग मात्र त्या रोज सकाळी दोन तास वापरत. पण त्या बाईंना त्या घरातून उठवावे असेही कुणाच्या मनात येणार नव्हते. करात न्याय करायला गेले की एकाची सावली दुसऱ्याच्या अंगणात पडते.

भाच्याची अडचण निराळीच होती. "मावशी, यातले पैसे निलगिरी तोडायला जाणार आहेत," तो म्हणाला. "मी त्या झाडांत लहानाचा मोठा झालो. झाडे तोडण्यासाठी मी मत देऊ?"

याला थोडी पार्श्वभूमी पाहिजे. त्या डोंगरांवर निलगिरी मूळची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक हेवन्स नावाच्या एका जमीनदार-व्यापाऱ्याने लाकडाच्या धंद्यातून गडगंज होण्याच्या आशेने ती लाखोंनी लावली. लाकूड कामाचे निघाले नाही. धंदा बुडाला, झाडे राहिली. सुंदर, उंच, सुवासिक. आणि तेलाने भरलेली. सालीच्या धांदोट्या खाली गळतात, ठिणगी पडली की वणवा झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतो. १९२३ च्या सप्टेंबरात डोंगरावरून वणवा उतरला आणि बर्कलेतली सुमारे सहाशे घरे गेली. १९९१ च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या. २५ माणसे मेली, तीन हजारांच्या वर घरांची राख झाली. ताई-भावजी तिकडे गेले ते त्यानंतर, पण ज्यांनी ते पाहिले ती माणसे अजून कोरडा वारा सुटला की खिडकीशी उभी राहतात. या वनांचे काय करायचे यावर तेथल्या निसर्गप्रेमींतच दोन तट आहेत. काही म्हणतात मुळापासून काढा, काही म्हणतात हात लावू नका. ठरावात मधला मार्ग होता : गर्दी कमी करायची, खालचा पाचोळा साफ करायचा.

आई इतका वेळ पणत्यांच्या वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे विरळणीच ना?"

भाच्याला शब्द कळला नाही. आईने सांगितले, की रोपे दाट आली की मधली उपटून टाकतात, म्हणजे उरलेली नीट वाढतात, त्याला विरळणी म्हणतात. "आमच्याकडे भाजीच्या वाफ्यातही करतात. उपटताना वाईट वाटते. म्हणून माझी सासू ते काम नेहमी मला सांगायची."

भावजी हसले. भाचा हसला नाही. त्याने मतपत्रिका पाकिटात घातली आणि वर निघून गेला. खूण केली होती की नाही ते कुणी पाहिले नाही.

दुसरा दिवस नरक चतुर्दशी. तिकडच्या घड्याळाने तिथी अर्धा दिवस मागेपुढे होते असे भावजी सांगू लागले, पण आईने सोबत कालनिर्णय आणले होते आणि दिवाळी त्याप्रमाणेच व्हायची होती. पहाटे पाच वाजता, गार पडलेल्या बर्कलेत, ताईने लेकाला उटणे लावले. कारीट मिळेना, तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक चेरी टोमॅटो ठेवून नरकासुराचा वध झाला. फराळ करून, केसांना तेलाचा वास घेऊन, आमचा मतदार सायकलवर बसून मतदान केंद्राकडे गेला. पाकीट तेथे पेटीत टाकता येते. परत आला तेव्हा छातीवर 'मी मत दिले' अशी चिकटपट्टी होती. ती त्याने आजीच्या पदराला लावली.

"काय दिलेस?" भावजींनी विचारले.

"सीक्रेट बॅलट, बाबा."

त्याने ते आजतागायत सांगितलेले नाही. मला वाटते ते बरेच केले. घरात एकाच माणसाला मत असले की तो घरातल्या सगळ्यांचा होतो. त्याला तेवढी एक गोष्ट स्वतःची असू द्यावी.

ठराव मंजूर झाला. शेकडा ८५ च्या आसपास मते बाजूने पडली. इतका मोठा आकडा मी कोणत्याही करासंबंधी ऐकलेला नव्हता. पाडव्याला, म्हणजे ८ तारखेला सकाळी, ताई ओवाळण्याचे तबक लावत असताना मी निकाल पुन्हा पाहत होते. दुपार कलता कलता आकाशाचा रंग पालटला. सूर्य तांबडा दिसू लागला, कुठे तरी पाला जाळल्यासारखा वास येऊ लागला. आईला वाटले शेजारी होळी केली. मग बातम्या आल्या. उत्तरेला कित्येक तासांच्या अंतरावर पॅरडाइज नावाचे गाव त्या सकाळी पेटले होते. त्या वणव्यात ८५ माणसे मेली आणि १८ हजारांवर इमारती जळाल्या. एक सबंध गाव नाहीसे झाले, आणि त्याचा धूर आमच्या पाडव्याच्या ताटावर येऊन बसला.

पुढचे जवळजवळ दोन आठवडे तो धूर हलला नाही. खिडक्या बंद, दाराच्या फटींना ओले टॉवेल, बाहेर पडताना तोंडावर मुखपट्टी; तेव्हा आम्हाला मुखपट्टीचे मोठे अप्रूप होते! शाळा बंद झाल्या. भाऊबीज बंद काचांच्या आत झाली. भाचा संध्याकाळी खिडकीपाशी उभा राहून डोंगराकडे पाहत असे. डोंगर दिसत नव्हता. त्या पंधरवड्यात निलगिरीबद्दल घरात कुणी शब्द काढला नाही. भावजींनीही सरसकट कराचा विषय पुन्हा काढला नाही, पण त्यांचे मत बदलले असे मात्र मी समजत नाही. अन्याय धुराने झाकला जातो. नाहीसा होत नाही.

२१ नोव्हेंबरला पाऊस आला. पहिली सर आली तशी गल्लीतली माणसे दारात येऊन उभी राहिली, जशी आपल्याकडे मृगाला राहतात. दुसऱ्या दिवशी आमचे परतीचे विमान होते. सकाळी आईने हट्ट धरला की निघण्यापूर्वी त्या गाईला भेटायचे. लेट्यूस घेऊन आम्ही पुन्हा वर गेलो. हवा धुतल्यासारखी झाली होती. वाटेत निलगिरीखालचा ओला पाचोळा चरचरत नव्हता. माथ्यावरून खाडी, पूल आणि पलीकडचे डोंगर इतके स्वच्छ दिसले, की आईने या वेळी रत्नागिरीचे नाव काढले नाही.

घरी येऊन सामान गाडीत चढवताना आईने कनवटीची पिशवी सोडली, दोन डॉलर काढले आणि भावजींच्या हातावर ठेवले.

"हे काय, आई?"

"महिन्याचा एक ना? आम्ही दोघी महिनाभर फिरलो."

भावजी ते घेईनात. आई ऐकेना. विमानाला उशीर होऊ लागला. शेवटी भाच्याने ते दोन डॉलर घेतले, आत जाऊन टेबलावरच्या बिलाला टाचणी लावून आला आणि गाडी सुरू केली.